न्हाणीघरात तांबडा दिवा

"दुकान खाली करतोय. एन्लार्जर नेतोस, की भंगारवाल्याला फोन करू?"

अण्णांचा फोन आला तेव्हा मी मखराच्या पट्ट्या माळ्यावर टाकत होतो. गौरी-गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता. "उद्या येतो," एवढंच म्हणालो. "नेतो" म्हणालो नाही. आमच्या घरात एखादी वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची तर ती कुठे ठेवणार याचं उत्तर आधी द्यावं लागतं, आणि हे उत्तर मागणारी व्यक्ती त्या वेळी शिडी धरून खालीच उभी होती.

अण्णा म्हणजे देवरूखच्या बाजारपेठेतले फोटोवाले. नाव छापू नकोस असं त्यांनी बजावलंय. "उगाच लोक जुन्या निगेटिव्ह मागायला येतील." माझ्या दहावीच्या फॉर्मवरचा फोटो त्यांनी काढलेला, लग्नातले त्यांनी काढलेले, आणि वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायचा मोठा फोटो एका रात्रीत करून दिला तोही त्यांनीच. आता वय शहात्तर. मुलगा ठाण्याला नोकरीत. गाळ्याचा मालक दुरुस्ती काढतोय, आणि पासपोर्ट फोटो तर हल्ली झेरॉक्सच्या दुकानातही निघतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. पुढे काउंटर, मधे स्टुडिओ, मागे अंधारखोली. स्टुडिओच्या भिंतीवर तो रंगवलेला पडदा अजून होता: कमान, कठडा, लांबवर तळं आणि तळ्यात एक राजहंस. तालुक्यातल्या किती मुली या राजहंसाच्या साक्षीने मुंबईच्या स्थळांना पसंत पडल्या किंवा नापसंत झाल्या, त्याची मोजदाद नाही. पोस्टकार्ड साइजचा उभा फोटो, केसांत अबोलीचा वळेसर, एक हात कठड्यावर. कठडा लाकडी होता आणि डुगडुगायचा, त्यामुळे प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यावर किंचित सावधपणा दिसतो. पाहणाऱ्यांनी तो विनय मानला असणार.

अंधारखोलीत अण्णांनी दिवा लावला. टेबलावर चादरीखाली एन्लार्जर होता, निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र. मेओप्टाचा ओपेमस, चेकोस्लोव्हाकियाचा. पूर्व युरोपातल्या देशांशी तेव्हा आपला व्यापार डॉलरशिवाय, रुपयांत चालायचा. म्हणून पूर्व जर्मनीचा ओर्वो रोल आणि असलं चेक यंत्र कोकणातल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचू शकलं. शेजारी ग्लेझर, तीन ट्रे, चिमटे, कागदाच्या कडा नक्षीदार कापायची कात्री आणि गुंडाळून ठेवलेली वायर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विण्डोज एक्सपीवर चालणारा संगणक आणि त्याला जोडलेला रंगीत फोटो-प्रिंटर. अण्णांच्या मते तोच खरा माल होता.

"हा पण ने. बटण दाबलं की फोटो. तुला कशाला रे पाण्यात हात घालायला हवेत?"

मी प्रिंटरकडे पाहिलं, मग ओपेमसकडे. पुढचे तीन आठवडे मी याच टेबलाच्या दोन टोकांमध्ये हेलपाटे घातले.

*

घरात फोटो धुण्याचं सामान आणावं की नाही, या प्रश्नावर मराठी माणसाने दिलेलं सर्वांत गाजलेलं उत्तर १९१२ सालचं आहे. धुंडिराज गोविंद फाळके तोवर बरंच करून बसले होते. गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्याजवळ रविवर्म्यांच्या छापखान्यात काम, मग स्वतःचा छापखाना. त्या वर्षी विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, विल्यम्सनचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र घेऊन आले, आणि हा सगळा संसार दादरच्या राहत्या घरात मांडला. फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात बसून पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. शिवाय चित्रपटात काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करत. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो असा घरात धुतलेला होता.

हे मी घरी सांगितलं. मोठ्या उत्साहाने सांगितलं. समोरून उत्तर आलं, "मी सरस्वतीबाई नाही. आणि तुम्ही काय करणार आहात? हरिश्चंद्र?"

प्रश्न टोमण्यात विचारलेला असला तरी चुकीचा नव्हता. फाळक्यांना काय छापायचं ते ठाऊक होतं, यंत्र त्यानंतर आलं. माझ्याकडे काय होतं?

माळ्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. वडिलांचा. ते शिक्षक, पण एक आग्फा क्लिक थ्री बाळगून होते. बारा फोटोंचा रोल, चौकोनी निगेटिव्ह. दर सुट्टीत एखादा रोल व्हायचा. अण्णांकडे धुवायला टाकायचा आणि त्यातले तीन-चार फोटो काढून घ्यायचे, बाकीचे "पुढे कधीतरी". ते पुढे कधीतरी या डब्यात पडून होतं.

झाकण उघडल्याबरोबर लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास आला. हा वास ओळखीचा करून ठेवावा असा आहे. निगेटिव्हची पट्टी ॲसिटेटची असते. ऊब आणि दमट हवा मिळाली की ती कुजायला लागते आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर सुटतं. सुटलेलं ॲसिड पुढची कुज आणखी वाढवतं. बंद डब्यात एक पट्टी नासली की शेजारच्याही त्याच वाटेने जातात, आंब्याच्या अढीसारख्या. कोकणातल्या माळ्याइतकी या कामाला सोयीची जागा शोधून सापडायची नाही. त्याहून जुन्या नायट्रेटच्या पट्ट्या तर पेट घेतात. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेला असला साठा जळाला, त्यात प्रभातच्या काही चित्रपटांच्या फिल्म गेल्या. आमच्या डब्यात तेवढं जुनं काही नव्हतं. काही पट्ट्या पापडासारख्या कुरळ्या झाल्या होत्या, दोन रोल संपूर्ण गेलेले. बाकीचे धरून खिडकीपाशी पाहिले तर माणसं दिसत होती: काळे चेहरे, पांढरे केस, उलटी दुनिया.

*

मुलगा पुण्याला असतो. त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं. त्याचा सल्ला पाच मिनिटांत आला, आणि तो वाईट नव्हता. पांढरा पडदा लावलेल्या टॅबवर निगेटिव्ह ठेवायची, वरून मोबाइलने फोटो घ्यायचा, ॲपमध्ये उलटा करायचा. खर्च शून्य. दिवाळीत येईन तेव्हा सगळा डबा एका दुपारात करून देतो, म्हणाला. मग कुठलाही चांगला फोटो निवडून रत्नागिरीहून प्रिंट मागवा.

दिवाळीची वाट न बघता मी स्वतःच पाच-सहा करून पाहिले. छान निघाले. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण असल्या लेखांत पुढे यंत्राची बाजू घ्यायची म्हणून मोबाइलला नावं ठेवायची पद्धत आहे. नुसत्या आठवणी जपायच्या असतील, बहिणींना पाठवायच्या असतील, तर कुणीही एन्लार्जर घरी आणू नये. टॅब आणि मोबाइल पुरे.

प्रश्न कागदाचा होता. आणि कागदाबद्दल मला चिपळूणच्या एका परिचितांनी शहाणं केलं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. अल्बम तीन दिवस चिखलात. "जुने ब्लॅक अँड व्हाइट एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते," ते म्हणाले. "कुणीतरी सांगितलं, ओढू नका, परत स्वच्छ पाण्यात घाला. बादलीत भिजवले, हळूहळू सुटे झाले. दोरीवर वाळवले. भाचीच्या लग्नातले घरच्या प्रिंटरवर काढलेले होते, त्यांचं नुसतं इंद्रधनुष्य राहिलं."

यात चमत्कार काही नाही. जुन्या फोटोतला काळा रंग म्हणजे जिलेटिनच्या थरात रुतलेली बारीक चांदी. तो फोटो जन्मालाच मुळी पाण्यात आलेला असतो. तासभर वाहत्या पाण्यात धुऊन काढलेला. घरगुती प्रिंटरची साधी शाई पाण्यात विरघळते. पिगमेंटची शाई बरीच टिकते, पण तो प्रिंटर आणि ती शाई वेगळी, महाग.

*

आता अण्णांच्या टेबलाचं दुसरं टोक. त्या रंगीत प्रिंटरला शाई नव्हतीच. पिवळा, किरमिजी, निळा अशा पट्ट्यांची एक रिबीन असते, उष्णतेने त्यातला रंग कागदावर चढतो, वरून पारदर्शक थर बसतो. फोटो सुरेख येतो, हात लावला तरी पुसत नाही. पण रिबीन त्याच कंपनीची लागते, कागद त्याच मापाचा लागतो, आणि संगणकाशी बोलायला त्याच काळातलं सॉफ्टवेअर लागतं. अण्णांकडे रिबिनीचा दीड गुंडाळा शिल्लक होता. कंपनीने हे मॉडेल बंद केलेलं. दीड गुंडाळा संपला की टेबलावर एक बरं दिसणारं खोकं उरणार.

एवढ्यात कोल्हापूरहून दुसरंच आमंत्रण आलं. अण्णांचे रंगीत रोल पूर्वी एसटीच्या पार्सलने आंबा घाटातून कोल्हापूरला जायचे आणि तिसऱ्या दिवशी पाकिटं परत यायची. तिथल्या लॅबमधला एक जुना ऑपरेटर अजून अण्णांच्या संपर्कात आहे. त्याच्या ओळखीत एक मिनी-लॅब भंगाराच्या भावात निघाली होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानच्या नोरित्सूने असली यंत्रं आणली आणि शहरोशहरी "एका तासात फोटो"च्या पाट्या लागल्या, पुढे १९९६ पासून फुजीच्या फ्रंटियरने लेझरने फोटो छापायला सुरुवात केली. मी त्या ऑपरेटरला फोन केला. एक क्षण लोभ सुटला होता, कबूल करतो.

"साहेब, ते घरात पाळायचं जनावर नव्हे," तो म्हणाला. "रोज चारा लागतो त्याला."

त्याने मग पाऊण तास समजावलं. टाक्यांतली रसायनं ३५ अंशांच्या वर तापलेली ठेवावी लागतात. फोटो निघत राहिले की थोडं जुनं रसायन बाहेर पडतं, थोडं नवं आत येतं, आणि तोल राहतो. पंधरा दिवस काम नसलं की डेव्हलपर चहासारखा तांबूस, मग डांबरासारखा होतो. रोलरांवर खडे बसतात आणि कागद अडकतो. लेझर गेला तर दुरुस्तीच्या खर्चात दुचाकी येईल. वजन काहीशे किलो. "दिवसाला शेकड्यांनी फोटो निघत होते तेव्हा ते सोन्याची कोंबडी होतं," तो म्हणाला. "तुम्ही आठवड्याला चार काढणार."

त्या फोननंतर माझा हिशेब उलटा बसला. तिन्ही यंत्रांत सर्वांत जुनं जे, तेच घरी नेण्याजोगं होतं. मिनी-लॅबला गिऱ्हाइकांची रांग लागते, रिबिनीच्या प्रिंटरला कंपनी जिवंत लागते. ओपेमसला काय लागतं? एक बल्ब, दोन भिंगं, एक लेन्स, वरखाली सरकायला एक दांडा आणि मधे भाता. बिघडलं तर देवरूखातला वेल्डर दुरुस्त करील.

*

म्हणून मग ओपेमस नीट तपासायला बसलो. अण्णा खुर्चीत, हातात अडकित्ता.

आधी दांडा. तो वाकलेला असेल तर फोटोचा एक कोपरा कायम धूसर राहतो. दांडा सरळ होता, तळाशी गंज. खोबरेल तेलाचं बोट फिरवल्यावर डोकं सर्रकन वर गेलं.

मग भाता. अण्णांनी दार लावून अंधार केला आणि आतला बल्ब पेटवला. काळ्या कापडी घड्यांमध्ये दोन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे तारे चमकले. "तेवढं चालतं. वरून काळा नेलपॉलिश लाव." बल्ब जुना, दुधी काचेचा, हा आता सहज मिळत नाही. एलईडीचा दुधी बल्ब लावून काम भागतं, मात्र त्याच्या प्रकाशात निळ्या-हिरव्याचं प्रमाण वेगळं, त्यामुळे कागदावर काळ्या-पांढऱ्याचा जोर बदलतो आणि सगळे अंदाज नव्याने बसवावे लागतात. एलईडीवरून अण्णांना त्यांचं खरं दुःख आठवलं. पूर्वी कॅमेऱ्याच्या कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब पावसाळाभर जळत ठेवायचा, त्याच्या उबेने बुरशी लागत नसे. "आता बल्बच गार. कपाट गरम कसं राहील?"

आणि तीच बुरशी लेन्सला लागलेली होती. लेन्स उघडून मोबाइलच्या उजेडात आडवी धरली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तीन-चार धागे. कडेला होते, मध्यभागी स्वच्छ. अशी लेन्स लगेच टाकून द्यायची गरज नसते. तोंड थोडं बारीक केलं, एफ ८ वर नेलं, की प्रकाश मधल्या भागातूनच जातो. धागे मधे असते तर मात्र लेन्स साफ करून घ्यावी लागली असती, आणि बुरशीने काचेवरचं लेपण खाल्लं असेल तर साफ करूनही उपयोग नाही. ही लेन्स ७५ मिलिमीटरची, चौकोनी निगेटिव्हसाठीची. ३५ मिलिमीटरच्या रोलांसाठी ५० ची वेगळी लागते, ती अण्णांच्या पुतण्याने केव्हाच कुठेतरी हरवली. माझा डबा चौकोनी निगेटिव्हचा असल्यामुळे मला त्याचं फारसं वाटलं नाही.

ट्रे आणि मुठी बॅकेलाइटच्या. इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिओ बेकलंड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत वेलॉक्स नावाचा फोटोचा कागद काढला. तो इतका सावकाश उजेड घ्यायचा की गॅसच्या दिव्यावरही फोटो छापता येई. १८९९ साली त्याने तो ईस्टमनला विकला, आणि त्या पैशांवर निवांत होऊन १९०७ साली बॅकेलाइट शोधलं. फोटोच्या कागदाने कमावलेल्या पैशातून निघालेलं प्लास्टिक फोटोच्याच अंधारखोलीत मुठी आणि ट्रे होऊन परत आलं. अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तरीच फुटत नाहीत."

ग्लेझर मी नाकारला, त्याचं थोडं वाईट वाटलं. आरशासारखा चकचकीत पत्रा, त्यावर ओला फोटो पालथा घालून रबरी रोलर फिरवायचा, खालून ऊब. सुकला की फोटो स्वतःहून 'टक्' आवाज करत सुटतो. लहानपणी काउंटरवर उभा असताना तो आवाज ऐकला की आपला फोटो झाला असं वाटायचं. बहुधा तो दुसऱ्याचाच असे. पण त्याची वायर उघडी पडली होती, आणि हल्लीचा प्लास्टिकचा लेप असलेला कागद त्यावर चालत नाही, वितळून चिकटतो.

*

कागद हाच खरा तर कळीचा मुद्दा. इंदू छापाचे रोल आणि कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये तयार व्हायचे. १९६० साली स्थापन झालेला तो सरकारी कारखाना आता बंद आहे. कोडॅकने काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद बनवणं २००५ साली थांबवलं. त्याच वर्षी आग्फाची फोटोवाली कंपनी दिवाळखोरीत गेली. आज इंग्लंडचा इलफर्ड आणि चेक देशाचा फोमा मिळतो, मुंबईहून मागवावा लागतो, आणि ८ बाय १० चा एक कागद शंभराच्या पुढे जातो. एका चांगल्या फोटोमागे दोन-तीन कागद वाया जातात हे धरलं, तर माझ्या डब्यातल्या पन्नास निगेटिव्हचा खर्च बायकोला सांगण्यासारखा नव्हता.

अण्णांनी कपाटातून इंदूची न उघडलेली तीन पाकिटं काढली तेव्हा म्हणूनच माझे डोळे लकाकले. ही माझी चूक. घरी आणली, रात्री न्हाणीघरात जुन्या झिरोच्या तांबड्या बल्बखाली एक पाकीट फोडलं आणि घाईघाईने फोटो काढायला लागलो. चार कागद काळवंडले. दुसऱ्या दिवशी अण्णा हसत म्हणाले, "आधी कागदाला विचारायचं असतं." कागदाची एक पट्टी उजेड न दाखवता डेव्हलपरमधून काढून हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात टाकायची, दुसरी थेट हायपोत. दोन्ही धुऊन शेजारी ठेवायच्या. दोन्ही सारख्याच पांढऱ्या असतील तर कागद ठीक. पहिली राखाडी झाली तर कागद फॉग झालाय. आमच्या तिन्ही पाकिटांतली पहिली पट्टी दगडासारखी राखाडी निघाली. एका पाकिटाला डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड थोडं वाढवून जेमतेम शुद्धीवर आणलं. उरलेली दोन नातीला चित्रं काढायला दिली. जाड, गुळगुळीत कागद, तिला आवडला.

रसायनांचं त्या मानाने सोपं निघालं. कोडॅकच्या डी-७२ चा नुस्खा जुन्या फोटोवाल्यांना तोंडपाठ असायचा: एक लिटरला ३ ग्रॅम मेटॉल, ४५ सोडियम सल्फाइट, १२ हायड्रोक्विनोन, ८० सोडियम कार्बोनेट, २ पोटॅशियम ब्रोमाइड. अण्णा सराफाच्या तराजूवर तोलायचे. क्रमही ठरलेला, मेटॉल आधी, कारण सल्फाइटच्या पाण्यात ते धड विरघळत नाही, मात्र चिमूटभर सल्फाइट त्याच्याही आधी, नाहीतर मेटॉल हवेने बिघडतं. मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं अजून खडबडीत आहेत. "चिमटे होते की," मी म्हणालो. "चिमट्याला कळत नाही रे फोटो कधी काढायचा ते."

बाहेरच्या देशांत नेसकॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी एकत्र करूनही डेव्हलपर करतात. अमेरिकेत रॉचेस्टरच्या एका वर्गात १९९५ साली हा उद्योग सुरू झाला. करून पाहिलं. चालतं. कागद किंचित तपकिरी होतो, आणि वास असा सुटतो की दोन दिवस घरात कुणी कॉफी प्यायलं नाही.

*

राहिलं पाणी. आमचं न्हाणीघर मागच्या दारी, जांभ्या दगडाचं, एक झरोका. झरोक्याला गोणपाट आणि काळं प्लास्टिक लावलं की दिवसाही मिट्ट काळोख. पण तिथून निघणारं पाणी मोरीतून थेट माडाच्या आळ्यात जातं, आणि आळ्यापासून विहीर फार लांब नाही. वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते, ती विहिरीच्या वाटेला जाऊ देणं मला पटेना. पूर्वी फोटोवाल्यांचं आणि एक्स-रेवाल्यांचं वापरलेलं हायपो विकत घेणारे लोक फिरायचे, त्यातून चांदी काढायचे. आता एक्स-रे संगणकावर दिसतो आणि ते लोक यायचे बंद झाले. अण्णांनी उपाय सांगितला: प्लास्टिकच्या कॅनमध्ये हायपो साठवायचं आणि भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी त्यात टाकून ठेवायची. लोखंड विरघळतं, त्याच्या बदल्यात चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. गाळ झाकून बाजूला ठेवायचा, मोरीत जाऊ द्यायचा नाही. कॅन गोठ्यात ठेवलाय, कवटीचं चित्र काढून.

आणि मग कोकणाचा नेहमीचा पेच. पावसाळ्यात पाणी मुबलक, पण फोटो वाळत नाही. चार दिवस दोरीवर लोंबकळतो, मग त्यावर पांढरी ठिपक्यांची बुरशी चढते. शिवाय वीज. फोटोवर उजेड पाडताना सात सेकंद झाले आणि वीज गेली, तर कागद गेला. मे महिन्यात सगळं खडखडीत वाळतं, पण विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतो, आणि तेव्हा एका फोटोसाठी तासभर पाणी वाहतं ठेवणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी काय म्हणतील ते मी लिहीत नाही. डेव्हलपरला २० अंश लागतात, मेमध्ये नळाचं पाणीच त्याहून बरंच गरम. म्हणून हिशेब असा ठरला: प्लास्टिकच्या लेपाचा कागद घ्यायचा, तो चारेक मिनिटांत धुऊन होतो, आणि फोटोचा हंगाम गणपती ते शिमगा.

"आमचा पण तोच होता," अण्णा म्हणाले. "पावसात फक्त दहावी-बारावीचे फॉर्म आणि मेलेल्यांचे फोटो."

*

शेवटी पैशांचं बोलणं झालं. अण्णा अडीच हजार म्हणाले. भंगारवाला किलोवर देणार होता, त्यापेक्षा हे चौपट. मी कबूल झालो. मग त्यांनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे बुटांची खोकी रचलेली होती, प्रत्येकावर साल.

"आणि हे? मशीन नेतोस तर निगेटिव्ह पण ने. मी कुठे ठेवू?"

मी एक खोकं उघडलं. बटर पेपरची पाकिटं, त्यांवर पेन्सिलीने नाव आणि गाव: मारळ, साखरपा, बुरंबी, हातीव. कुणाचं बारसं, कुणाची साठी, मार्लेश्वरच्या जत्रेतली जोडपी. कायदा विचाराल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा असतो, फोटोवाल्याचा नसतो. म्हणजे त्या खोक्यांतल्या फोटोंवर अण्णांचा हक्क जवळजवळ नव्हता, आणि माझा तर बिलकूल नव्हता. तालुक्याचे पन्नास वर्षांचे चेहरे माझ्या न्हाणीघराच्या माळ्यावर आंबवायला न्यायचे, हे मला जमणार नव्हतं. नाही म्हणालो. अण्णांना ते लागलं असावं, ते काही वेळ बोलले नाहीत. आता आम्ही दोघे मिळून दर रविवारी एक खोकं उघडतो आणि ओळखीची पाकिटं त्या त्या घरी पोचती करतो. तीन खोकी झाली. सत्तावीस बाकी आहेत. काही घरं बंद आहेत, काही लोक पाकीट घेऊन चहा देतात, आणि हातीवच्या एका बाईंनी स्वतःचा लग्नाआधीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि लगेच ब्लाऊजमध्ये ठेवून दिला.

रिबिनीचा प्रिंटर झेरॉक्सवाल्याने नेला. मिनी-लॅब कोल्हापुरात पत्र्याच्या भावात गेली.

ओपेमस रिक्षातून घरी आला. न्हाणीघराच्या कट्ट्यावर फळी टाकून बसवलाय. अंघोळीआधी उचलून ठेवावा लागतो, हा आमच्यातला करार. वडिलांच्या डब्यातली एक निगेटिव्ह निवडली. देवरूखच्या एसटी स्टँडवर ते स्वतः उभे आहेत, फोटो आईने काढलेला असणार, कारण क्षितिज वाकडं आहे. फळीवरच्या पांढऱ्या कागदावर प्रतिमा पडली. डोकं वर चढवलं, मूठ फिरवली, आणि बसच्या कपाळावरची पाटी हळूहळू वाचता यायला लागली. मुंबई. मोबाइलवरच्या फोटोतही ती पाटी होती, मी नंतर जाऊन पाहिली. मला तेव्हा दिसली नव्हती.

अण्णा सेकंद मोजायला मनात स्तोत्र म्हणायचे. एक श्लोक म्हणजे किती सेकंद, ते त्यांना पाठ. मी घड्याळ लावलं. अकरा सेकंद. कागद डेव्हलपरमध्ये सरकवला, ट्रे हलवत राहिलो. विसेक सेकंद काहीच नाही, नुसता तांबडा कागद तांबड्या पाण्यात. मग बसचं चाक आलं, मग टोपीची कड, मग चप्पल. चेहरा सर्वांत शेवटी.

दारावर थाप. "अहो, अंघोळी खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, फोटो दाराच्या उजेडात नेला, तिरका करून पाहिला.

"काळा कमी पडलाय," म्हणाले. "तेरा सेकंद दे."

मग तो काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला. मागितला, तर दिला नाही.